महिन्याच्या फोटोखाली

माझ्या ताईला दिसत नाही. लहानपणी हळूहळू गेले तिचे डोळे, कशानं ते आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. आता ती मालाडला राहते, नोकरी करते, फोन कानाला लावून सगळे मेसेज ऐकते. तिचा फोन बोलतो. पण फोटो आला की तो नुसता म्हणतो, फोटो. झालं, पुढे गप्प. आणि आमच्या घरच्या ग्रुपवर फोटोच असतात, लिहितं कोण?

मला मुलगी झाली तेव्हापासून दर महिन्याला तिचा फोटो काढायचा असं सासूबाईंनी ठरवलं, हल्ली सगळेच काढतात तसा, चादरीवर बाळ आणि शेजारी आकडा, कधी बांगड्यांचा, कधी झेंडूचा. चौथ्या महिन्याला भेंडीचा चार केला, फोटो झाल्यावर त्याच भेंडीची भाजी. मी ग्रुपवर टाकला. लगेच लाल बदाम, सो क्यूट, झकास. आणि ताईचा फोन.

"काय आहे गं फोटोत?"

"बाळ."

"ते मला पण माहितेय. खाली लिही ना काहीतरी. मावशीला पण बघू दे की."

मी लिहिलं, आमची गोड परी. परत फोन.

"गोड म्हणजे काय, चाटून बघू? काय घातलंय, कशी पडलीय, कुठे बघतेय ते लिही ना."

डोकंच फिरलं माझं. नववीत शाळा सुटली, एका हातात बाळ, गॅसवर दूध, आणि आता निबंध लिहू? पण ताईच ती, सोडते थोडीच. मग मी बसले आणि दिसलं ते सगळं लिहून टाकलं. पिवळी चादर, बाळाचं लाल झबलं, कपाळावर काजळाची तीट, एक पाय वर, अंगठा धरलाय, बाजूला भेंडीचा चार, त्यातली एक भेंडी घरंगळलीय, मागे दोरीवर सासूबाईंचा निळा परकर.

ताई खूश. सासूबाई स्वयंपाकघरातून मोबाईल घेऊनच बाहेर आल्या.

"माझो परकर कित्याक लिवलंस गो?"

"आई, फोटोत दिसतोय ना सगळ्यांना."

"दिसता तां दिसता, लिवूक कित्याक होया? सगळ्या पावण्यांत माझी इज्जत घालवलंस."

नवरा हसून हसून आडवा. मला मात्र रडायला येत होतं, नीट लिहिलं तरी बोलणी, नाही लिहिलं तरी बोलणी.

रात्री ताई फोनवर म्हणाली, "छान लिहिलंस. पण कुठे बघतेय ते लिहिलंच नाहीस."

मी म्हटलं, विसरले.

विसरले नव्हते. बाळाचा डावा डोळा नाकाकडे जायचा. आधी कधीतरी, मग रोज, मग सगळ्या फोटोंत. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, "अँगल आहे यार, तू उगाच टेन्शन घेते." सासूबाई म्हणाल्या, "बाळांचा असताच तसा, आपसूक जाता." शेजारची म्हणाली, थोडं चकणं असलं की नशीबवान असतं. सगळे बघत होते आणि कुणीच बघत नव्हतं. मी बाळाला घेऊन खिडकीशी जायची, खुळखुळा हलवायची, इकडे, तिकडे, डावा डोळा कुठे जातो ते बघायची. ताईचं पण असंच सुरू झालं असेल का? आईला विचारावं तर आई राहिली नाही. ताईला विचारायला तोंड उघडत नव्हतं, काय विचारणार, तुझ्यासारखं होईल का?

पाचव्या महिन्याला गाजराचा पाच. फोटो टाकला, ताईसाठी लिहायला घेतलं. हिरवी चादर. टोपी. हसतेय, वरच्या हिरड्या दिसतायत. मग बोट थांबलं. म्हटलं परकर लिहिता येतो आणि हे नाही? लिहिलं. उजवा डोळा मोबाईलकडे, डावा नाकाकडे गेलाय, मागच्या फोटोंत पण गेलाय. पाठवलं.

या वेळी एकही लाल बदाम नाही. नवऱ्याचा कामावरून फोन, "डिलीट कर ना, लोक काय म्हणतील पोरीला?"

ताईचा फोन आला. नेहमीसारखं हॅलो नाही.

"कधीपासून?"

मी सांगितलं.

"उद्या घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी रजा घेते. तू रडत बसू नकोस, ऐकतेस ना?"

डॉक्टरीणबाईंनी बाळाला माझ्या मांडीवर बसवलं, टॉर्च घेतली. ताई माझा दंड धरून उभी.

"काय करतायत? सांग ना गं."

"लाईट फिरवतायत. बघतेय ती. आता डावा डोळा झाकला. खेळतेय. आता उजवा झाकला." आणि बाळानं असा टाहो फोडला, मान हलवून बाईंचा हात ढकलायला लागली.

ताईला सांगावं लागलं नाही. तिची बोटं दंडात रुतली.

बाई म्हणाल्या, आत डोळा चांगला आहे, पण डाव्याचा वापरच होत नाहीये. उजव्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावायची म्हणजे तो कामाला लागेल. किती सुधारेल ते आत्ता सांगता येणार नाही. मी विचारलं, हिच्या मावशीसारखं होईल का? त्या म्हणाल्या, तसं काही दिसत नाही. ताई हसली, मला हसता येईना.

आता रोज पट्टी, रोज रडारड, ती ओढून काढते, मी परत चिकटवते, शेजारीपाजारी दारात येऊन विचारतात पोरीला काय केलंस. सहाव्या महिन्याला सासूबाईंनी लिंबांचा सहा केला, चादरीवरच्या सुरकुत्या काढल्या आणि म्हणाल्या, "फोटोपुरती ती पट्टी काढ गो."

"नाही काढणार."

"मगे निदान लिवू नको."

मी फोटो काढला. खाली लिहिलं, लिंबांचा सहा, निळा फ्रॉक, उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा डोळा लिंबाकडे बघतोय.