दारावरचं वडगाव

समोरचे वडगावकर दारावरची पितळी पाटी दर रविवारी चिंचेनं घासतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात, "मूळ गाव आमचं. अभिमान आहे!" गावाचं तोंड कधी पाहिलेलं नाही.

काल वडगावहून एक म्हातारे भर उन्हात जत्रेचं आमंत्रण घेऊन आले. वडगावकरांनी पत्रिका जाळीच्या दारातूनच घेतली, "बघू" म्हणाले आणि दार लावलं. पाणी मी दिलं.

"तुम्हीही वडगावकरच का?" मी विचारलं.

"नाही हो, मी जाधव. गावात कुणीच वडगावकर नाही. गाव सोडलेल्यालाच ते नाव लागतं."

खरंच, गाव मिरवायला गाव लागतं कुठे? चिंच पुरते.

जाताना म्हाताऱ्यांनी त्या पाटीला हात लावून नमस्कार केला.

आज रविवार नसूनही वडगावकर पाटी घासत होते. म्हणाले, "कुणाच्या तरी बोटांचे डाग पडलेत."