तुकड्यांचा डबा

तुटके तुकडे फेकले नाहीत की किस्से साठत जातात. आमच्या राहाता गावच्या घरी डालड्याचा एक डबा आहे. लिलावात घेतलेल्या जीपचा तुटलेला प्रत्येक बारका तुकडा दादाने त्यात जपला. दादाला जाऊन सव्वा महिना झाला. तेव्हापासून कालपर्यंत मी डब्याला हात लावला नव्हता.

दादाचा नेम एकच. तुटका तुकडा नमुना म्हणून खिशात घालायचा, नगरच्या दुकानात दाखवून नवा आणायचा. नवा बसला की जुना डब्यात.

"तुकडा खिशात, तर काम बाकी. डब्यात पडल्याबिगर गाडी हलवायची न्हाई."

•

एकदा ॲक्सिलेटरची तार तुटली. दादाने तिला सुतळी बांधली आणि दुसरं टोक जीपमध्ये बाजूला बसलेल्या शेजारच्या तात्यांच्या बोटांना गुंडाळलं. "म्या म्हनलं की वढा."

बाजारात तात्यांना व्याही दिसले. त्यांनी दोन्ही हात छातीशी नेऊन जोडले. जीप थेट कांद्याच्या ढिगात!

दादा म्हणाला, "तात्या, व्याह्यांना नुसतं तोंडानं रामराम म्हना की."

•

बेअरिंगची चिरलेली गोळी अंगणात घरंगळली आणि कोंबडीने गिळली. आता नमुनाच कोंबडीच्या पोटात. मी सुरी घेऊन धावलो. वहिनी आडवी आली. "अंड्यावरची हाय ती. उद्या मिळंल तुमची गोळी."

दादा दोन दिवस कोंबडीमागे फिरला. गोळी मिळाली, नगरहून नवी आली. जुनी वहिनीनेच धुऊन डब्यात टाकली. "नेम म्हंजी नेम," म्हणाली.

•

राजूरच्या उतारावर ब्रेक लागेना. ब्रेकच्या नळीचा चिरलेला वॉशर मीच घाईत उलटा करून परत बसवला होता. दादाने जीप डोंगराकडच्या चरात घातली, तेव्हा ती थांबली.

"वॉशर बदलला म्हनलास ना? जुना कुठंय?"

मी उगाच खिसे चाचपले.

"खिशात न्हाई, डब्यात न्हाई. मंग नवा आला कुठनं?"

मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

•

त्याच उतारावर दादा एकटा गेला. स्टेअरिंग सुटलं, असं लोक म्हणतात.

स्टेअरिंगच्या नटात केसांच्या आकड्यासारखी एक पिन असते. ती तुटली होती. मी ती काढली आणि तेवढ्यापुरती तार गुंडाळली. नंतर नवी बसवली का? त्या आठवड्यात मी दोनदा नगरला गेलो होतो. काय आणलं, काय राहिलं, काही केल्या आठवत नाही. जीपचा दरीत चुराडा झाला. आता सांगेल तर डबाच सांगेल.

काल उघडला. वरच होती, तुटकी पिन. डब्यात. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा मोठ्याने रडलो.

वहिनी चुलीपासून म्हणाली, "ती पिन व्हय, भावजी? दिस घातल्यावर तुमचा सदरा धुयाला घेतला, तवा खिशात हुती. ह्यांचा नेम हाय म्हनून म्याच टाकली डब्यात."