पास्कू अंकलचा पितळी बँड

पास्कू अंकल बोलतात तेसुद्धा ट्रॉम्बोनसारखं, "आऽऽरे बाबाऽऽ!" सांडोर गावात त्यांची केळीची वाडी आहे. वडिलांचा बंद पडलेला बँड त्याच जुन्या बाजांवर पुन्हा उभा करायचं वेड त्यांना गेल्या वर्षी लागलं. माळ्यावरून कॉर्नेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट उतरले. पितळ चिंचेने घासलं, आणि आम्ही दहा-बारा जण फुंकायला बसलो.

एवढ्यात त्यांच्या पुतणीचं, मर्लिनचं लग्न ठरलं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात. मर्लिनने बजावलं, "अंकल, आज ऐकते. भेसूर वाजलं तर लग्नासारखा पाणी आणायलाही डीजे!"

आमच्यातल्या स्टॅनीने कीबोर्डवर सूर धरला. आम्ही फुंकलं. पींऽऽ भ्याँऽऽ! बदकांच्या कळपात म्हैस शिरली जणू. मर्लिनने डीजेला फोन लावायला थेट मोबाइल काढला.

अंकलचा चेहरा पडला. त्यांनी कॉर्नेट फुंकला, मला क्लॅरिनेट फुंकायला लावला, आणि उडीच मारली. "आऽऽरे! आपले बाजे एकमेकांशी जुळतात की! त्या काळी सूरच आजच्यापेक्षा चढा ठेवायचे. स्टॅनी, बंद कर तुझी पेटी!"

"म्हणजे मीच बेसूर?"

"तू मॉडर्न!"

कीबोर्ड थांबला आणि अंगणभर खणखणीत सूर उसळला. मर्लिन रिकामी कळशी कमरेवर घेऊन नाचत विहिरीकडे निघालीसुद्धा.

"अगं, लग्न पुढच्या आठवड्यात आहे!" स्टॅनी ओरडला.

"वाजवा हो तुम्ही, थांबू नका! डीजे येईल लग्नाच्या दिवशी, जेवणं झाल्यावर!"