करडी ते कोंढा: भावाच्या बोडीचा ऑक्सिजन मोजाले गेली, त्याची गोष्ट

काल रातभर मी झोपली नाही. काहून ते पहिलेच सांगते. परवा मी कोंढ्याले माह्या भावाच्या बोडीवर गेली, पान्यातला ऑक्सिजन मोजला, अन् "दादा, चांगला हाये" म्हनून सांगून आली. म्या चुकीच्या टायमाले मोजलं होतं. आता त्याचे मासे मरतीन का काय, याच भेवानं डोळा लागला नाही. आमच्या बचत गटाच्या ब्लॉगवर दुसऱ्या बाया लिहितात, मी पहिल्यांदा लिहून राहिली. सातवीपर्यंत शिकली, चुकलं तर समजून घ्या.

आम्ही करडीच्या दहा बायांनी एक बोडी घेतली, शेतातला लहान तलाव, त्यात मासे पाळतो. आमच्या इकडं मासे सकाळी वर येऊन तोंड उघडझाप कराले लागले की सारे म्हनतात, भुकेले हायेत. मंग धानाचा कोंडा टाका, शेन टाका. आम्ही बी तेच करत होतो. मंग मासोळीच्या ऑफिसातल्या मॅडमनं पंधरा दिवसासाठी एक काडी देली. लांब वायर, वायरीच्या टोकाले बोटाएवढी नळी, तिच्या टोपीत निळा लाईट चमकते, अन् हातातल्या डब्बीवर आकडा येते. ऑफिसातल्या जुन्या मशीनमंधी औषध भरा लागे, पान्यात हालवत राहा लागे. याले तसं काई नाही. सोडा, आकडा थांबेपर्यंत वाट पाहा. पाचच्या वर असन तर मासे खुश, तीनच्या खाली गेलं तर धावा. तवा समजलं, मासे भुकेनं नाही, श्वास कोंडून वर येतात. टाकलेला कोंडा अन् शेन सडते, तेच पान्यातली हवा खाऊन टाकते.

भाऊ फोनवर म्हने, "माहे मासे रोज सकाळी वर येऊन मांगतात व मले, मी बी दोन घमेले टाकतो." म्या सांगतलं, कोंडा बंद कर, तर ऐके ना. या साली त्यानं धानाची एक बांधी, म्हंजे वावराचा तुकडा, खोदून बोडी मोठी केली हाये. घर त्याच मासोळीवर हाये. म्हनून निघाली.

सकाळच्या एस्टीनं करडीहून कारध्याले. बायांले अर्धं तिकीट हाये, तेवढं बरं. मागच्या सीटवर बसू नका, रस्त्यात गड्डेच गड्डे हायेत. मांडीवर दीड वर्षाची चिनू, अन् छातीशी काडीचा डब्बा. टोपीले ओरखडा पडला तर काडी कामातून गेली, असं मॅडमनं बजावलं होतं, म्हनून मी तिले दुपट्यात गुंडाळून घेतली अन् चिनूले उघडी ठेवली. बाजूची म्हातारी म्हने, "जुळे होय का व?"

म्या सांगतलं, पान्यातली हवा मोजाची मशीन होय.

"पान्यात कायची हवा? पान्यात पानी राह्यते."

"मंग मासे कायनं जगतात, आजी?"

म्हातारीनं जरा इचार केला. "देवाच्या कृपेनं," म्हने.

दोन्ही बाजूनं बांध्या हिरव्यागार. बारा-पंधरा दिवसानं ऊन पडलं होतं, मन बी हलकं झालं. कारध्याले उतरून पवनीची बस धरा लागते, तासभर वेळ होता. स्टॉपवर आलूभोंडा खाल्ला, वरून तर्री. तिखट आवडत असन तरच तर्री मांगा. मंग वैनगंगेच्या घाटावर गेली. नदी पाहून मले राहवलं नाही, काडी सोडली. एक बुढा बैल धुवून राहिला होता.

"नदीले ताप आला का व बाई?"

"नाही आबा, श्वास पायते."

"किती निंगला?"

"सात."

"मंग जगन," म्हने, अन् बैलाच्या पाठीवर पानी मारलं.

पवनीच्या बसनं कोंढ्याले पोहोचली तवा दुपारचे दोन वाजाले आले होते. स्टॉपवरून बोडी अर्धा तास पायी, सावली नाही, पानी संग ठेवा. भाऊ बोडीच्या पारीवर, म्हंजे बांधावर, उभाच होता. चिनूले कडेवर घेतलं अन् मले म्हने, "ये, डाक्टरीनबाई. पेशंट पान्यात हाये."

त्याचं पानी आमच्यापेक्षाबी हिरवं, शेवाळाच्या रंगाचं. मले वाटलं, आता दोनच निंगते. काडी सोडली, आकडा हालला, चढत चढत नऊवर जाऊन थांबला. म्या तीन जागी टाकून पायलं. नऊच.

भाऊ एवढा हासला का चिनू दचकली. "पाय! तुह्याच मशीननं पास केलं. फस्ट किलास! अन् तू सांगे, कोंडा बंद कर."

"पन दादा, सकाळी मासे वर काहून येतात मंग?"

"भुकेनं व! मासे पाळाले मले तू शिकवते का? तुहं लगन झालं नव्हतं तवापासून पाळतो." अन् माह्या समोर आनखी एक घमेला कोंडा फेकला.

मी बी खुश झाली, खोटं काहून बोलू. वहिनीनं लाखोळीची डाळ, भात अन् मासोळीचा रस्सा केला होता, पोटभर जेवली. चारच्या बसनं निंगाले लागली तवा म्हनली बी, "चांगला हाये दादा, आता चिंता नाही." हेच शब्द आता टोचून राहिले हायेत.

काल उजाडताच मी आमची बोडी मोजली, रोजच्यासारखी. चार. दुपारी सासू म्हने, "मले दाखव बरं ते काडी." तिच्यासाठी पुन्हा सोडली, तर आकडा नऊ! तीच बोडी, तीच काडी. मले वाटलं बसच्या गड्ड्यानं बिघडली, आता मॅडमले काय तोंड दाखवू. रडत रडतच फोन लावला.

मॅडम म्हने, "अगं, काडी ठीक आहे. उन्हात हिरवं पाणी हवा तयार करतं, म्हणून दुपारी आकडा चढतो. रात्री हवा तयार होत नाही, नुसती वापरली जाते. उजाडताना सगळ्यात कमी. म्हणून तर सांगितलं होतं ना, उजाडताच मोजा."

सांगतलं होतं. मले वाटलं होतं, उन्हात मशीन तापून खराब होते म्हनून सकाळी मोजाले लावते. पंधरा दिवस बरोबर मोजत होती, पन कायसाठी ते इचारलंच नव्हतं.

म्हंजे भावाच्या बोडीतबी सकाळी मासे श्वासासाठीच वर येऊन राहिले. अन् काल संध्याकाळपासून आभाळ भरून आलं हाये. ऊन नाही, तर हवा तयार होनार नाही, पन कोंडा तर सडतेच. कालपासून अकरा फोन लावले. तो माहं नाव पायते अन् कापते. गटातल्या दोघींच्या फोनवरून बी लावला, पन माहं नाव निंगालं का तो कापते. वहिनीजवळ वेगळा फोन नाही. चिनूचे बाबा कामाले नागपूरले हायेत, चिनू तापली हाये, तिले घेऊन आज निघनं होत नाही. उद्याची पहिली बस पोहोचेपर्यंत उद्याची पहाट होऊन जाते.

तरी मी आशा सोडली नाही. काडी आली त्याच हप्त्यात आमचा आकडा एका सकाळी दोनच्या खाली गेला होता. आम्ही मोटर लावली, पाइप बांबूवर बांधून त्याच बोडीचं पानी उंचावरून पाडलं. ऊन वर येईपर्यंत मासे आपआपले खाली गेले. चार-पाच मेले, बाकी सारे वाचले. भावाजवळ मोटर हाये, पाइप हाये, दोन धडधाकट हात हायेत. त्याले फक्त सांगाले कोनी पायजे.

तुम्हीबी असं मोजाले कुठं जाऊन राहिले असान तर आदल्या सांजीच पोहोचा, रात्री तिथंच राहा, उजाडताच मोजा. अर्धं तिकीट, आलूभोंडा, नदी, सारं आठवते मले, वहिनीचा रस्सा बी. पन दुपारचा आकडा सांगून परत येऊ नका.

अन् कोंढ्याचं, अड्याळचं, पवनीचं कोनी हे वाचत असन तर एवढं करा. स्टॉपवरून निंगालेल्या पांदनीनं गेलं की पयल्या मोठ्या बोडीच्या पारीवर 'ताजी मासोळी मिळेल' असा पत्रा हाये, त्यावर माह्या भावाचा नंबर हाये; ब्लॉगवर कोनाचा नंबर टाकाची मनाई हाये. त्याले आजच फोन करा. अनोळखी नंबर तो लगेच उचलते, गिऱ्हाईक समजून. त्याले सांगा, बहिनीनं चुकीच्या टायमाले मोजलं, चूक तिची हाये. कोंडा बंद कर, शेन बंद कर, अन् पहाटे चारले मोटर लावून पानी उंचावरून पाड. फक्त माहं नाव पहिले घेऊ नका, तो कापन. पहिले इचारा, "मासे हायेत का?" तो "हाये" म्हनला, का मंग सांगा.