आधी गुडघा की आधी श्वास

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं स्वतःला समजावत आले — पण मग रेखाचं नाव निघालं की मी उठून स्वयंपाकघरात का जाते?

मी धुळ्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटी सुटली की एका क्लासमध्ये नर्सच्या सरकारी भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना शिकवायचे. चाळीसगावहून, साक्रीकडून मुली यायच्या. मला त्यांचं कौतुक होतं. आणि खरं सांगू? त्यांना माझं होतं, तेच मला जास्त आवडायचं.

रेखा पिंपळनेरची. नवरा अपघातात गेलेला. लहान मुलीला आईकडे ठेवून ती इथे खोली करून राहायची. सरकारी नोकरी लागली की मुलीला जवळ आणायचं — दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. वर्गात मागच्या बाकावर बसायची, क्वचित बोलायची.

परीक्षा जवळ आली होती. गरोदर बाईला झटके आले की मॅग्नेशियम सल्फेट देतात, त्याची उजळणी चालली होती. औषध अंगात जास्त झालं तर पहिली खूण कोणती? मी म्हटलं, श्वास मंदावतो. रेखानं हात वर केला.

"ताई, आधी गुडघा ना? हातोडी मारल्यावर पाय उडतो, ते आधी बंद पडतं. श्वासाचं नंतर."

मला खात्री नव्हती. बघून सांगते, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी हसून म्हटलं, "वॉर्डात तू असतेस की मी?"

मुली हसल्या. रेखाही हसली — जराशी — आणि तिनं वहीतलं स्वतःचं उत्तर खोडलं.

इथपर्यंत चूकच म्हणा. चूक कुणाकडूनही होते. पण घरी जाऊन मी पुस्तक उघडलं. रेखाचं बरोबर होतं.

उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी क्लासचे सर नव्या मुलींना घेऊन आले आणि म्हणाले, या मॅडमचं उत्तर कधी चुकत नाही. त्यांच्यासमोर कसं सांगायचं? मग परवा. मग हृदयाचे आजार सुरू झाले, मग लसीकरण. रेखा रोज समोर होती. तिला बाजूला घेऊन एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. मी नाही बोलले.

परीक्षेत प्रश्न आला. तोच. आणि रेखा एका प्रश्नाच्या गुणांनी हुकली.

निकालासोबत बरोबर उत्तरं जाहीर झाली तेव्हा ती माझ्या घरी आली. रडली नाही. खाली बघत म्हणाली, "ताई, तुम्ही बरोबरच सांगेल व्हई. मनंच ध्यान नव्हतं."

घाईत, दुःखात ती गावाकडचं बोलायची. तुम्ही बरोबरच सांगितलं असेल, माझंच लक्ष नव्हतं, असं म्हणत होती. तिला खरंच तसं वाटत होतं? की सगळं आठवत असूनही ती मला सांभाळून घेत होती? मी अजून तिचा तो चेहरा आठवून बघते — कळत नाही. मला एवढंच माहीत आहे की माझी चूक तिनं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली होती आणि मला ती परत मागून घेता आली असती.

मी म्हणाले, "होतं असं."

वर म्हणाले, "पुढच्या वेळी नीट लक्ष दे."

तिनं मान डोलावली.

त्या वर्गातल्या बऱ्याच जणी आज कुठे कुठे कामाला आहेत. बाळंतिणींच्या खाटेशी उभ्या राहत असतील. किती जणींच्या डोक्यात माझं ते उत्तर अजून बसलंय? मी त्यांनाही कधी फोन केला नाही.

पुढच्या भरतीची जाहिरात लवकर निघेना. रेखाला सुरतच्या एका खाजगी दवाखान्यात काम मिळालं. मुलगी पिंपळनेरलाच राहिली. जायच्या दिवशी मी तिला धुळ्याच्या स्टँडवर सोडायला गेले. बस लागायला वेळ होता. तिनं मुलीचे फोटो दाखवले. पाटी-दप्तर घेतलेली, दोन वेण्या घातलेली. आता सांगू, असं मनात दोनदा आलं.

मी तिला चहा पाजला, वाटेसाठी बिस्किटांचा पुडा घेऊन दिला. बस लागली तेव्हा ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.