दोन हातांत दिलेलं डोकं

‘संत मार्टिनचा सण. दुपारी घोडेस्वार आला. राजा वारला. हिवाळ्यासाठी डुकरं कापायची राहिली.’

वुल्फवारूने एवढंच लिहिलं. ही विधवा बाई मठात शिकलेली, रोजची नोंद कधी चुकवत नसे. ती राहत होती त्या राजाच्या वाडीचा कारभारी तिचा धाकटा भाऊ ओर्डगार.

गाईंच्या धारा काढून झाल्यावर दासी गोल्डे लोणी काढत होती. बातमी ऐकून तिचे हात थांबले. राजा तरुणपणी गादीवर आला आणि समुद्रापलीकडच्या लुटारूंशी लढता लढता अकाली म्हातारा झाला. गोल्डेने त्याला एकदाच पाहिलं होतं. त्याने लोणी पुन्हा मागून घेतलं होतं. मरताना तो सांगून गेला होता: माझ्या राज्यात भुकेपायी जे माझे गुलाम झाले, ते लेकरांसकट सुटले.

गोल्डे भुकेपायीच दासी झाली होती. नवरा उपासमारीत गेला, लेक हिल्ड कडेवर. तिने ओर्डगारपुढे गुडघे टेकून डोकं त्याच्या दोन हातांत दिलं, तेव्हा जवाची पेज मिळाली. हिल्ड आता लग्नाची झाली होती, आणि आईसारखीच दासी.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात पाद्रीबाबांनी राजाची इच्छा वाचली. सुटलेली माणसं पुढे सरकली. गोल्डेही निघाली.

“तू कुठे गं?” ओर्डगारने अडवलं. “तू डोकं दिलंस त्या हिवाळ्यात राजाला अभिषेक झाला नव्हता. ते त्याचं राज्य नव्हे.”

“अभिषेक नसेल, भूक तर होती की!” मागून कुणी तरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

गोल्डेने विचारलं, “मालक, त्या हिवाळ्यात आमचे जव आणि दोन्ही डुकरं कुणाच्या नावाने नेलीत?”

“राजाच्या. त्याचा इथे मुक्काम होता.”

“माझ्या माणसाच्या तोंडचा घास नेताना तो राजा होता. आता मला सोडताना नव्हता होय?”

ओर्डगारने बहिणीकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस?” वुल्फवारू म्हणाली. “त्या मुक्कामाला त्याच्या हातात पेला मी दिला, ‘महाराज’ म्हणून. शेजारी मान खाली घालून तूच उभा होतास.”

 मग ओर्डगारने गोल्डेच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि काढून घेतले. मायलेकींना चौरस्त्यावर नेऊन तो म्हणाला, “जा. सगळ्या वाटा तुमच्या.”

कुठली धरावी, गोल्डेला सुचेना. शेवटी हिल्डचा हात धरून ती नवऱ्याला पुरलं होतं त्या गावाकडे वळली.

संध्याकाळी वुल्फवारूने लिहिलं: ‘धारा आज मीच काढल्या. तांबड्या गाईने लाथ मारून बादली सांडली.’