दोघांचा चोरकप्पा

ह्यांना एक वाईट खोड होती. काम साधं असलं की ह्यांचं मनच लागायचं नाही.

शेजारच्या गल्लीत चोरांनी भरदिवसा घर फोडलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, की कानबाईची नथ कुठंतरी नीट ठेवायला हवी. सासूच्या सासूपासून चालत आलेली नथ. श्रावणात घरात कानबाई देवी बसवली की तिच्या नारळाला ती चढवायची, सोमवारी बोळवण झाली की परत ठेवायची, एवढंच तिचं काम. बँकेत लॉकर घ्या म्हटलं, तर म्हणाले, "देवीची वस्तू घराबाहेर झोपत नाही." रावेरात जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस, कोणाचं ऐकतो थोडंच! दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन देवघरात जाऊन बसले.

देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. देव्हाऱ्याखाली, जमिनीलगत विटा काढून पोकळी केली, तोंडाला शहाबादी फरशीचा तुकडा बसवला. ठोकण्याचा आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून मी मिक्सर लावून बसायची. रिकामा मिक्सर जळेल म्हणून शेंगदाणे घातले. आठवडाभर आम्ही नुसती चटणी खात होतो.

खरी करामत पुढे. फरशीला आतून खिट्टी, खिट्टीला ट्रॅक्टरची जुनी स्प्रिंग, आणि तिची सळई भिंतीतून पार स्वयंपाकघरात, सिलिंडरमागे. पलीकडून एकानं सळई दाबून धरायची, तेव्हाच देवघरातल्याला फरशी ओढता येणार. हात सुटला की खिट्टी खट्ट!

"चोर एकटा आला तर डोकं आपटून मरंल," हे खुशीत म्हणाले.

"अहो, चोर तर जोडीनंच येतात!"

"येऊ दे. त्यायले सळई कोन दाखवनार? आपण दोघं हायेत नं घरात."

दर श्रावणात हे पलीकडे वाकून सळई दाबायचे आणि मी नथ काढायची.

हे गेले त्या वर्षी दुखवट्यामुळे कानबाई बसवली नाही, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही. पुढच्या श्रावणात, शनिवारी, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडून झाले आणि मी नथ काढायला देवघरात गेले. फरशीला हात लावला, तेव्हा कळलं. पलीकडे कोणी नाही.

काय काय नाही केलं मी! सळईला पाट टेकवला, पाटाला सिलिंडर लावला. देवघरात पोचेपर्यंत पाट घसरायचा. धावून धावून गुडघे बोंबलायला लागले. पुण्याला मुलाला फोन केला. "सुटी नाही गं मिळत. मिस्त्री बोलाव, फोडून टाक." फोडून टाक म्हणे! बापाच्या हातचं काम ते. फोन ठेवला आणि भिंतीपुढे बसून ह्यांना वाट्टेल ते बोलले. एवढी अक्कल पाजळली, आणि बायको एकटी उरली तर काय करेल, हे नाही सुचलं? बोलता बोलता रडू फुटलं.

उरल्या समोरच्या घरातल्या माझ्या मोठ्या जाऊबाई, आमच्या अक्का. मनानं चांगल्या, पण तोंडात तीळ भिजत नाही. त्यांना सळई दाखवली की संध्याकाळपर्यंत गुपित बोदवडला पोचणार. पण नथीवाचून कानबाई बसवणं माझ्याच्यानं झालं नसतं. गेले बोलवायला.

अक्का आल्या. "अगं माय वं!" म्हणत कपाळाला हात लावला आणि सिलिंडरमागे वाकल्या. मी देवघरात येऊन बसले. फरशी पहिल्याच ओढीला निघाली. नथ लाल कापडात जशीच्या तशी होती. ती मी हातात घेतली.

पलीकडे अक्कांची बडबड चालूच होती. "कंबर दुखते, इथं किती कचरा साचला वं, माझ्या दिराचं डोकंच उफराटं." हे गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकघरातून माणसाचा आवाज येत होता. तो थांबूच नये, असं वाटलं.

"निघाली का वं?"

मी मूठ मिटली.

"नाही अक्का," मी म्हणाले. "धरून ठेवा अजून."